आईशेजारची जागा

बुधवारी दुपारी दोन ते चार समुद्रकिनाऱ्यावरच्या पोर्टलारी गावात, चर्चमागच्या सभागृहात नेटा स्लेटर बसायची, आणि ज्याला आपला पणजोबा कोण हे ठाऊक नाही अशा कुणालाही ती रिकाम्या हातानं परत पाठवत नसे. कॅनडाहून माणसं यायची, न्यूझीलंडहून यायची, हातात एखादा पिवळा पडलेला फोटो आणि तोंडावर चुकलेल्या कोकराचा भाव. नेटा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "बसा. आधी चहा घ्या. मेलेली माणसं काही पळून जात नाहीत."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसली, आणि निवृत्त झाल्यावर जन्म-मृत्यूच्या नोंदी, चर्चची जुनी दफ्तरं, थडग्यांवरचे लेख असलं सगळं उकरत बसली. जोडीला वॉटी फिंडले. हा बोटीवर इंजिन सांभाळायचा, आता या वंशावळ शोधणाऱ्या मंडळाची चहाची किटली सांभाळतो आणि तोंड मात्र सांभाळत नाही.

त्या बुधवारी ओंटारियोचं एक जोडपं आलं होतं. नेटानं त्यांच्यापुढं कागद ओढला आणि तिचा ठरलेला धडा सुरू केला.

"हे पाहा, आमच्या किनाऱ्यावर नाव आवडतं म्हणून ठेवत नाहीत. क्रम असतो. पहिला मुलगा, बापाच्या बापाचं नाव. दुसरा, आईच्या बापाचं. पहिली मुलगी, आईच्या आईचं. दुसरी, बापाच्या आईचं. मूल दगावलं तर पुढं होणाऱ्याला तेच नाव द्यायचं. आणि या ओळीत एखादं नाव गाळलेलं दिसलं, की समजायचं, एक मूल तुमच्या हातून निसटलंय. शोधायला लागा!"

"आणि कुणी क्रम मोडला तर?" ओंटारियोच्या बाईनं विचारलं.

"तर त्याच्याशी सासू मरेपर्यंत बोलायची नाही," वॉटी किटलीमागून म्हणाला.

जोडपं हसत हसत गेलं, आणि मागच्या खुर्चीवरून एक माणूस उठला. पन्नाशी उलटलेला, साळसूद चेहऱ्याचा, करड्या कोटातला. वहीत त्यानं नाव लिहिलं: इव्हर रेनी, डंडी. समोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अलेक्झांडर स्लेटर आणि एल्सपेट गेडिस. इथलेच. त्यांच्याबद्दल काही मिळेल का?"

नेटाच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. कारण अलेक्झांडर आणि एल्सपेट हे तिचे आईबाप.

वॉटी कौतुकानं म्हणायला गेला, "अहो, मग तुम्ही अगदी योग्य..." आणि टेबलाखालून नेटाचा बूट त्याच्या नडगीवर असा बसला की पुढचं वाक्य त्यानं गिळलंच.

"स्लेटर इथं पोत्यानं आहेत," नेटा म्हणाली. "तुमचे कोण लागतात?"

"माझे नाहीत. म्हणजे... एका ओळखीच्यांसाठी विचारतोय."

"काय हवंय?"

"त्यांना मुलं किती? त्यातलं कुणी हयात आहे का? आणि ते दोघं कुठं पुरलेत, त्या कबरीत आणखी कोण कोण आहे, तेवढं समजलं तर बरं होईल."

बस्स. नेटाच्या मनात पाल चुकचुकली. मुलं किती, हयात कोण, कबरीत कोण कोण! वंशावळ शोधणारा माणूस आधी आपल्या आजीचं कौतुक सांगतो, तिला गाता यायचं, तिचे केस लाल होते. हा गृहस्थ एखाद्या घराची खोली भाड्यानं घ्यायला आल्यासारखा जागा विचारत होता.

जागेचं काय ते सांगायलाच हवं, नाहीतर नेटा उगाच खवट वाटेल. पोर्टलारीचं जुनं कबरस्तान कधीच भरलंय. आता तिथं ज्याच्या घरात जागेचा कागद आहे त्यालाच पुरतात. नेटाच्या बापानं घेतलेली जागा एकावर एक तीन शवपेट्या मावतील इतकी खोल. तळाला बाप, त्याच्यावर आई. भाऊ दोन होते, अ‍ॅलेक आणि जॉर्डी. एकाला बोटीसकट समुद्रानं नेलं आणि दुसरा ऑस्ट्रेलियाच्या मातीत गेला. म्हणजे तिसरी जागा नेटाची. आईला तिनं शेवटची वीस वर्षं सांभाळलं, भरवलं, उचललं, आणि आपणही तिच्याशेजारीच जायचं हे तेव्हापासून मनाशी पक्कं केलं. नवरा नाही, लेकरू नाही. या जगात बाईनं स्वतःसाठी राखून ठेवलेली एवढी एकच गोष्ट.

पण कागद अजून आईच्याच नावावर होता. आणि गावाची रीत अशी की कागद थोरल्या अपत्याचा. दोन वर्षांपूर्वी ग्लासगोहून एक गोडबोल्या माणूस आला, वंशावळ पुढं करून आपली शाखा थोरली असल्याचं दाखवलं, आणि आपल्या चुलत्याला चिवर्सांच्या जागेत पुरून मोकळा झाला. मग म्हातारी जेसी चिवर्स गेली तेव्हा तिला हमरस्त्याजवळच्या नव्या कबरस्तानात न्यावं लागलं. तिथं शेजारी टायरचं दुकान आहे. आणि त्या माणसाची वंशावळ शोधून कुणी दिली होती? नेटानं. अगदी सुवाच्य अक्षरात, वर चहा पाजून. जेसीची लेक अजून तिच्याशी बोलत नाही.

"थडग्यांच्या लेखांचं पुस्तक बांधायला गेलंय," नेटा इव्हर रेनीला म्हणाली. "कधी येईल सांगता येत नाही."

पुस्तक तिच्याच खुर्चीवर होतं. मघाशीच तिनं ते हळूच बुडाखाली सरकवलं होतं, त्यामुळं ती नेहमीपेक्षा दोन बोटं उंच दिसत होती.

माणसानं मान हलवली, आभार मानले, आणि जाताना वॉटीला विचारलं, "एक कप चहा बाहेर नेऊ का? गाडीत कुणी आहे." खिडकीतून नेटानं पाहिलं. निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर एक म्हातारी, डोक्याला रुमाल, आणि बाहेर दाट धुकं असताना डोळ्यांवर काळा चष्मा.

"हिला आत यायला काय झालं?" नेटा पुटपुटली.

"अगं नेटा, तू खोटं बोललीस," वॉटी नडगी चोळत म्हणाला. "मंडळाचा पहिला नियम काय? आहे ते दाखवायचं. तूच लिहिलायस भिंतीवर."

"तू चहा बघ."

"त्या पुस्तकावर तू बसली आहेस, बाई! अंडी उबवतेयस का?"

"कुठंतरी पाणी मुरतंय, वॉटी. तुला नाही कळायचं. तुझं जागेचं ठरलंय, तुझी बायको तुझ्यासाठी निम्मा पलंग धरून बसलीय तिथं."

"मग तू पण माझ्यासारखी निवांत हो. नाहीच मिळाली जागा तर जाळून घ्यायचं. हल्ली सगळेच घेतात."

"मला काय हॅडॉक मासा समजलास, धुरी द्यायला?" नेटा कडाडली. विषय तिथंच संपला. जाळण्याचं नाव काढलं की तिच्या अंगावर काटा यायचा. लहानपणी बंदरावरचं माशांना धुरी द्यायचं कोठार पेटलेलं तिनं पाहिलं होतं.

शनिवारी ती ब्रश आणि बादली घेऊन कबरस्तानात गेली. दर महिन्याला आईबापाचा दगड घासायची. फाटकातून आत शिरते तो काय, इव्हर रेनी त्यांच्याच दगडापुढं गुडघे टेकून बसलेला! नेटा चटकन एका जुन्या पाद्रीबाबांच्या उंच थडग्याआड झाली. पाद्रीबाबा हयात असते तर त्यांनी तिला चांगलंच झापलं असतं.

माणसाच्या हातात मासा भाजताना गुंडाळतात तो चंदेरी कागद होता. तो त्यानं दगडावर अंथरला आणि अंगठ्यानं दाबत दाबत एकेक अक्षर त्यावर उठवलं. *एल्सपेट गेडिस, वरील इसमाची पत्नी.* मग तो खाली सरकला, जिथं दगड कोराच होता, तिथं. तिथंही कागद दाबला. तळहात पसरून कोऱ्या जागेवरून फिरवला, एकदा, दोनदा. कोऱ्या जागेचं माप घेणारा माणूस तिथं काय लिहायचं ठरवून आलाय हे सांगायला पाद्रीबाबा कशाला हवेत?

त्यानं कागद जपून गुंडाळला, बाळ उचलावं तसा दोन्ही हातांवर घेतला आणि फाटकाबाहेर निळ्या गाडीपाशी नेला. मागची काच खाली झाली. काळ्या चष्म्याच्या म्हातारीनं हात बाहेर काढून तो घेतला.

"हीच ती," नेटा स्वतःशी म्हणाली. "माल हिला हवाय. हा नुसता हस्तक."

नंतरचे चार दिवस नेटाला सूप गोड लागेना. बिस्किटांच्या डब्यातून जागेचा कागद काढून तिनं तीनदा वाचला आणि तीनदा परत ठेवला. वॉटीनं सुचवलं, सरळ विचारून टाक. ती म्हणाली, चोराला विचारायचं का, चोरी केव्हा करणार? मग तिनंच ठरवलं की लपवाछपवी पुरे. या माणसाला समोरासमोर, कागदावर, तिच्या स्वतःच्या हत्यारानं गप्प करायचं. जेसी चिवर्ससारखं टायरच्या दुकानाशेजारी जायचं नाही म्हणजे नाही.

बुधवारी इव्हर रेनी बरोबर दोनला आला. "पुस्तक आलं का हो, बाई?"

"बसा," नेटा म्हणाली. चहा विचारला नाही. "अलेक्झांडर स्लेटर आणि एल्सपेट गेडिस यांची मुलगी मी. थोरलीही मी आणि हयात आहे तीही मीच. हे काय ते ऐकायला तुम्ही दोन वेळा डंडीहून आलात, नाही का?"

माणसाचा चेहरा एकदम उतरला. "तुम्ही..." तो म्हणाला, आणि खिडकीकडं पाहू लागला.

"तिकडं काय बघता? इकडं बघा. तुमच्या त्या ओळखीच्या बाईंना हा कागद नेऊन द्या." नेटानं कोरा कागद ओढला, चौकटी आखल्या आणि शाळेतल्या बाईच्या ठसक्यात लिहू लागली. "आमची आई क्रमाची पक्की. तिच्या बहिणीनं लेकीला मासिकातल्या नटीचं नाव ठेवलं तर आईनं वर्षभर तिच्या दारात पाऊल टाकलं नाही. तेव्हा आमच्या घरात चूक सापडायची नाही. पहिला मुलगा अ‍ॅलेक, बापाच्या बापाचं नाव. बरोबर. दुसरा जॉर्डी, आईच्या बापाचं. बरोबर. आता मुली. पहिली, आईच्या आईचं नाव. आजीचं नाव बाथिया. म्हणून पहिली मुलगी..."

तिनं चौकटीत 'बाथिया' लिहिलं. आणि हात थांबला.

वॉटीची किटली शिट्टी मारत होती, ती कुणी उतरवली नाही.

नेटा म्हणजे जॅनेट. जॅनेट ही बापाची आई. बापाच्या आईचं नाव दुसऱ्या मुलीला. हजारदा सांगितलं होतं तिनं, कॅनडाच्या लोकांना, न्यूझीलंडच्या लोकांना, बोट नाचवून सांगितलं होतं. एखादं नाव गाळलेलं दिसलं की शोधायला लागा. लोकांच्या घरातली गळलेली पोरं शोधता शोधता पंधरा वर्षं गेली आणि स्वतःच्या घराची ओळ तिनं कधी मांडूनच पाहिली नव्हती. कशाला मांडायची? आपलं घर काय आपल्याला ठाऊक नसतं?

आठ वर्षांची असताना तिनं आईला विचारलं होतं, मला आजीचं नाव का नाही गं ठेवलंस? आई मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "ते नाव दिलंय." नेटाला वाटलं, कुण्या मावसबहिणीला दिलं असेल. आई परत कधी त्यावर बोलली नाही, आणि हिनंही विचारलं नाही.

इव्हर रेनीनं कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढं सरकवला. जन्माची नोंद. अशा नोंदी नेटानं हजारो वाचल्या होत्या, पण हिची अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागली. सन एकोणीसशे चव्वेचाळीस. बाथिया गेडिस. आई: एल्सपेट गेडिस, मासे चिरणारी, अविवाहित. बापाच्या रकान्यात काही नाही.

"माझी आई," तो म्हणाला. "सहा आठवड्यांची असताना दत्तक गेली. तिकडं तिचं नाव मॉरीन ठेवलं. बाई, मला लपवाछपवी करायची नव्हती. तिनंच बजावलं होतं. म्हणाली, एल्सपेटचं मागं कुणी असेल आणि त्यांना माझं ठाऊक नसेल, तर कुणाच्या घरात वादळ नको. गप्प परत ये. आता माझ्यामुळंच..."

"गाडीत आहे ती?"

"हो. डोळे गेलेत तिचे, चार वर्षं झाली. म्हणून तो चंदेरी कागद. आईचं नाव बोटांनी तरी वाचू दे, म्हणाली."

नेटा उठली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात पहिला विचार आईचा आला नाही, बहिणीचाही आला नाही. जागेचा आला. थोरली ती आहे, कागद तिचा, जागा तिची, आणि मी टायरच्या दुकानाशेजारी. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण तसंच झालं. दारापर्यंत तिनं तो विचार नेला, आणि दार उघडल्यावर धुक्यात उभी राहून स्वतःलाच म्हणाली, "शरम नाही वाटत, नेटा?"

मग ती परत आत आली, आपल्या खुर्चीवरून पुस्तक उचललं, वॉटीच्या तोंडाकडं न बघता बाहेर गेली आणि निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

"कोण आहे?" म्हातारीनं विचारलं. मांडीवर तो चंदेरी कागद पसरलेला आणि बोटं आईच्या नावावर. हनुवटी थेट आईची.

"मी सभागृहातली. नेटा."

"हां. इव्हर म्हणाला, तुमचं पुस्तक बांधायला गेलंय."

"कुठंही गेलं नव्हतं. मी त्याच्यावर बसले होते."

"का?"

"कारण मी एल्सपेटची धाकटी लेक आहे. आणि मला वाटलं, तुम्ही माझी जागा घ्यायला आलात. आईशेजारची."

म्हातारीनं हात पुढं केला, नेटाची बाही चाचपली, मनगट सापडल्यावर घट्ट धरलं. "मला काही नकोय गं," ती म्हणाली. "जागा नको, कागद नको, काही नको. एकच विचारायला आले होते, ते पण इव्हरला सांगितलं नव्हतं. तिनं कधी... कधीतरी माझं नाव घेतलं का?"

इथं खोटं बोलणं किती सोपं होतं! नेटा आठ दिवस सरळ तोंडानं खोटं बोलली होती, आणखी एक काय जड होतं? पण ते मनगट तसं धरलेलं असताना तिला ते जमेना.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. मी पन्नास वर्षं तिच्यासोबत काढली."

मनगटावरची पकड सैल झाली. "बरं," म्हातारी म्हणाली. "बरं झालं खरं सांगितलंस."

"थांब, माझं संपलं नाही!" नेटा जवळजवळ ओरडलीच. "तू डंडीत वाढलीस, तुला इथली रीत कोण सांगणार? ऐक. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. बाथिया. ते तुला दिलं. तू गेलीस. मग सहा वर्षांनी मी झाले. घरात मुलगी एकटी मीच, जगाच्या हिशेबानं पहिली. बाथिया हे नाव माझं व्हायला हवं होतं. आजी तेव्हा जिवंत होती, हट्टी होती, किती बोलली असेल आईला! मूल दगावलं असतं तर पुढच्या मुलीला तेच नाव देतात, आमच्याकडं नाव वाया घालवत नाहीत. पण आईनं मला नाही दिलं. मला दुसरीचं नाव दिलं. कळतंय का तुला? तिच्या लेखी तू मेली नव्हतीस, हरवली पण नव्हतीस. थोरली तू होतीस, मी दुसरी. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ते नाव दिलंय. तोंडानं तुझं नाव घेतलं नाही बाई तिनं, पण जन्मभर तुझ्यासाठी धरून ठेवलं. कुणाला हात लावू दिला नाही."

बाथियानं काळा चष्मा काढला आणि रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. त्यांना दिसत नसलं तरी रडायला ते चांगले होते. नेटाही रडली, आणि तिला त्याचा रागही आला, कारण खिडकीत वॉटी नाक चिकटवून उभा होता.

बऱ्याच वेळानं नेटा म्हणाली, "शवपेटी एकच मावते तिथं. विचारून ठेवलंय मी."

"मी म्हटलं ना, मला नको."

"तू गप्प बस. थोरली असशील तर शहाणी पण हो जरा. शवपेटी एकच मावते, पण राखेच्या दोन डब्या आरामात मावतील." तिनं नाक शिंकरलं. "मेल्या हॅडॉकसारखी धुरी घ्यावी लागेल, एवढंच. घेईन. त्याला आता काय करणार!"

मग तिनं बहिणीचा हात धरला आणि मांडीवरच्या चंदेरी कागदावर खाली नेला, आईच्या नावाच्या खाली, जिथं काहीच उमटलेलं नव्हतं.

"इथं तर कोरं आहे," बाथिया म्हणाली.

"इथं आधी तुझं नाव," नेटा म्हणाली, "आणि त्याच्या खाली माझं. क्रमानं."